मनाली ते खारदुंगला सायकलवर: मुक्कामाच्या उंचीवर बेतलेला प्रवास

पुण्यातून मनाली–लेहला निघणाऱ्या सायकल गटांची तयारी बहुतेक वेळा पायांचीच असते. सिंहगड लागोपाठ दोनदा, बोपदेव आणि दिवे घाटाची फेरी, शनिवारी खंबाटकी आणि पसरणी चढून महाबळेश्वर, रविवारी परत. हे सगळं हवंच. पण मनाली–लेह रस्ता लष्कराच्या अवजड ट्रकांसाठी आखलेला आहे. त्याचा चढ बहुतेक ठिकाणी चार ते सहा टक्क्यांत राहतो आणि सिंहगडाच्या वरच्या वळणांइतका क्वचितच उभा होतो. पाय न टेकवता गडाच्या वाहनतळापर्यंत पोचणाऱ्याचे पाय गाटा लूप्स या एकवीस वळणांच्या चढासाठी पुरेसे आहेत. पुण्यात मिळत नाही ती उंची. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, आणि मनाली गावच २,०५० मीटरवर वसलेलं आहे. त्यामुळे रोज किती किलोमीटर मारायचे यावर हा प्रवास आखू नये, रात्री किती उंचीवर झोपायचं यावर आखावा. पुढचा दिवसक्रम तसाच बेतलेला आहे. गट बारा जणांचा, सोबत एक टेम्पो ट्रॅव्हलर, सामानाची एक पिकअप आणि एक मेकॅनिक.

काळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य. जुलैमध्ये मनालीच्या बाजूला पाऊस आणि दरडी असतात, पलीकडे वितळत्या बर्फाने नाले फुगलेले असतात. सप्टेंबर संपत आला की बारालाचा आणि तंगलंग या खिंडींवर ताजा बर्फ पडू लागतो. ढोल-पथकात वाजवणाऱ्यांची इथे पंचाईत होते. विसर्जन लवकर असेल त्या वर्षी ते आटोपून लगेच निघता येतं. उशिरा असेल त्या वर्षी मात्र दोन्हींपैकी एकच निवडावं, कारण सरावाचे शेवटचे तीन आठवडे पथकाच्या तालमीत घालवून या रस्त्यावर जाणं बरोबर नाही.

पुणे ते मनाली

झेलम एक्स्प्रेसने अंबाला आणि तिथून बस किंवा आधी ठरवलेली गाडी, हा स्वस्तातला मार्ग. सायकली खोक्यातून ब्रेकव्हॅनमध्ये जातात. रिकामी खोकी सायकलच्या दुकानात मिळतात, पण आठवडाभर आधी सांगून ठेवावं लागतं.

खोक्यात भरताना पुढचं चाक काढायचं, हँडल सैल करून फ्रेमला समांतर वळवायचं, पेडल काढायचे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे विसरून जोर लावल्याने क्रँकचे (पेडल बसतो त्या दांड्याचे) आटे गेलेली सायकल पुण्यातच राहते. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हँगरपासून, म्हणजे तो फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीपासून, सोडवून चेनसकट फ्रेमच्या आत बांधायचा, नाहीतर खोकं त्या बाजूला आपटलं की हँगर वाकतो. फोर्कच्या दोन टोकांमध्ये प्लॅस्टिकचा आधार बसवायचा. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा किंवा दुमडलेला पुठ्ठा घालायचा. चाक नसताना लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात आणि मनालीत चाक बसवताना डिस्क आत शिरत नाही.

मनालीत दोन रात्री. पहिल्या दिवशी जुळवाजुळव. खोक्यात आडव्या-उलट्या राहिलेल्या हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर स्पंजसारखा लागला तर घाबरून लगेच ब्लीडिंग करायला, म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढायला, बसू नये. सायकल सरळ उभी करायची, लिव्हर वीस-पंचवीस वेळा दाबायचा आणि रात्रभर रबराने दाबून बांधून ठेवायचा. हवेचे बुडबुडे वर टाकीत चढतात आणि बहुतेक वेळा सकाळी लिव्हर टणक लागतो. नाही लागला तर ब्लीडिंग. दुसऱ्या दिवशी सोलंगपर्यंत जाऊन यायचं, सगळे गिअर चढावर, भाराखाली बदलून बघायचे. स्टँडवर बरोबर पडणारा गिअर चढावर उडी मारतो, ते इथेच कळलेलं बरं.

सुट्या भागांत प्रत्येकाने स्वतःच्या फ्रेमचा डिरेलर हँगर आणलाच पाहिजे. तो प्रत्येक कंपनीचा, कधीकधी प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि लेहमध्ये नेमका तोच मिळेल याचा भरवसा धरू नये. चेनची क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) आपल्या स्पीडची, म्हणजे मागच्या गिअरांच्या संख्येला (९, १०, ११, १२) जुळणारी असावी. दोन ट्यूब, आपल्या चाकाच्या मापाचे चार स्पोक निपलसह, एक गिअर केबल, ब्रेक पॅडच्या दोन जोड्या. पॅड सिंटर्ड म्हणजे धातूचे घ्यावेत. रेझिनचे पॅड आवाज कमी करतात, पण ओल्या चिखलात फार लवकर झिजतात. प्रेस्टा (बारीक तोंडाचा) व्हॉल्व्ह असलेल्यांनी पितळी अडॅप्टर दोन घ्यावेत, म्हणजे रस्त्यावरच्या मोटरसायकलवाल्या पंक्चर दुकानातही हवा भरता येते. गिअरबद्दल एकच सांगणं: सर्वांत हलका गिअर एकास एकपेक्षा हलका हवा. पुढे २२ आणि मागे ३४ दात, किंवा पुढे एकच चेनरिंग (दातेरी चकती) असेल तर ३२ आणि मागे ४६च्या पुढे. टायर दोन इंची, हवा ३५ ते ४५ पीएसआय, वजनाप्रमाणे.

पहिला दिवस: मनाली ते मढी, सुमारे ३५ किमी

सकाळी सहाला निघायचं. पलचान, कोठी, गुलाबा, मग मढी. रोहतांगला पर्यटकांच्या गाड्यांना परवाना लागतो, त्यांची संख्या ठरलेली आहे, आणि मंगळवारी दुरुस्तीसाठी हा रस्ता पर्यटकांना बंद असतो. म्हणून खिंडीचा दिवस मंगळवारी येऊ देऊ नये. गुलाबाच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते. त्या रांगेच्या आधी तिथून निसटलं की पुढचे दोन-तीन तास रस्ता मोकळा मिळतो.

पहिल्या दिवशी सगळ्यांचं एकच चुकतं, ते म्हणजे वेग. पाय ताजे, हवा गार, बाजूला देवदार, आणि पुण्याच्या सवयीने सगळे घाटात एकमेकांशी चढाओढ करतात. इथला नियम साधा आहे. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की एक गिअर खाली. सर्वांत मागे स्वीप, म्हणजे मागे पडणाऱ्यांना सोबत घेऊन येणारा सायकलस्वार, आणि स्वीपच्या मागे कुणीही राहायचं नाही.

मढी ३,३०० मीटर. दुपारी एकपर्यंत पोचून तंबू लावले की संध्याकाळी शंभर-दीडशे मीटर वर पायी फिरून परत यायचं. चढून खाली येऊन झोपलं की शरीर लवकर जुळवून घेतं.

दुसरा दिवस: रोहतांग (३,९७८ मी.) ओलांडून सिस्सू

मढीपासून माथा सोळा किलोमीटर. ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाल्यापासून लेहची वाहतूक खालून जाते. वर पर्यटक आणि आपण. सपोर्ट गाडीला रोहतांगचा परवाना काढायचा की तिला बोगद्यातून पाठवून पलीकडे भेटायचं, हे मनालीतच ठरवावं. गाडी बोगद्यातून गेली तर माथ्यावर मदत नाही. मग ट्यूब, पंप, पावसाळी जॅकेट, कोरडे हातमोजे आणि खाणं ज्याचं त्याच्या पाठीवर. गाडी एकच असेल तर परवाना काढावा, हे आमचं मत. पहिल्या खिंडीवरच गटातलं कोण कसं आहे ते कळतं, आणि त्या वेळी गाडी जवळ हवी.

अवघड भाग माथ्यानंतरचा, ग्रांफू आणि खोकसरकडचा उतार. ढगाळ दिवशी इथे दगडाच्या भुकटीचा काळा राडा असतो. तो डिस्क आणि पॅडच्या मध्ये गेला की सँडपेपरचं काम करतो. अशा एका ओल्या उतारात रेझिनच्या पॅडची नवी जोडी संपू शकते. खाली पोचल्यावर कॅलिपरमागे (पॅड दाबणाऱ्या भागामागे) पांढरा कागद धरून टॉर्चच्या उजेडात पॅड बघायचे. घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला असेल तर त्याच संध्याकाळी बदलायचे. ब्रेक सतत दाबून धरण्यापेक्षा वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग उतरवायचा आणि मग सोडायचं. मधल्या काळात डिस्क थंड होते.

उतारावर बोटं बधिर होतात. लिव्हर किती दाबला ते कळेनासं झालं की थांबायचं आणि हात काखेत धरायचे. माथ्यावर चढताना घामेजलेला शर्ट बदलून, वाऱ्याचं जॅकेट चढवून मगच उतरायला लागायचं, आणि हे प्रत्येक खिंडीवर.

सिस्सू ३,१०० मीटर, म्हणजे मढीपेक्षा खाली. मनालीनंतरची सर्वांत चांगली झोप इथे लागते.

तिसरा आणि चौथा दिवस: जिस्पा, दोन रात्री

सिस्सूहून तांदी. इथे चंद्रा आणि भागा एकत्र येतात, पुढे तीच चिनाब. तांदीच्या पेट्रोल पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. दोन्ही गाड्यांच्या टाक्या आणि जादा कॅन इथे भरायचे. केलाँग हे लाहौल-स्पितीचं जिल्ह्याचं ठिकाण आहे. एटीएम, औषधांचं दुकान, रुग्णालय, सगळं इथे आहे आणि लेहपर्यंत पुन्हा नाही. दारचानंतर फोन बंद पडतो, आणि पुण्याचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. गटात किमान तिघांकडे पोस्टपेड असावं, वेगवेगळ्या कंपन्यांचं.

जिस्पा ३,२०० मीटर. इथली दुसरी रात्र बहुतेक गट वाचवतात आणि तीच पुढे सरचूत भोवते. चौथ्या दिवशी रिकाम्या सायकलवर दारचापर्यंत जायचं. डावीकडे शिंकूला ओलांडून झांस्करला जाणारा रस्ता फुटतो, तो बघून आपल्या रस्त्याने दोन-तीनशे मीटर उंची चढायची आणि जेवायला परत. दुपार सायकलींसाठी. चेन फडक्याने पुसून, डिरेलरच्या छोट्या चाकांवरचा काळा थर नखाने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडून, प्रत्येक कडीवर तेलाचा एकच थेंब. पुढे धूळ आहे. जास्तीचं तेल धूळ धरतं, म्हणून पाच मिनिटांनी चेन परत कोरडी पुसायची. संध्याकाळी कुकरमध्ये मेतकूट-भात. वर गेल्यावर भूक मरते, इथे पोटभर जेवून घ्यावं.

रोज सकाळ-संध्याकाळ लेक लुईस पद्धतीने प्रत्येकाची नोंद घ्यायची, ती इथून सुरू करतो. डोकेदुखी, मळमळ किंवा भूक, थकवा, चक्कर. प्रत्येक लक्षणाला ० ते ३ गुण, आणि डोकेदुखी धरून बेरीज तीन किंवा जास्त झाली तर उंचीचा त्रास आहे असं मानायचं. ऑक्सिमीटरही लावायचा, पण गार बोटांवर तो चुकीचा आकडा दाखवतो, आणि ४,३०० मीटरवर ८० ते ८५ हा आकडा तब्येत बरी असलेल्या माणसातही येतो. एका आकड्यावर निर्णय घेऊ नये. तीन दिवसांचा कल आणि माणसाची चाल बघावी.

अ‍ॅसिटाझोलामाइड हे उंचीचा त्रास टाळायचं औषध पुण्यात डॉक्टरांना विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी सांगूनच घ्यायचं. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात. हे औषध घेतलं म्हणजे मुक्कामाची उंची हवी तशी वाढवता येते, असं नाही.

पाचवा आणि सहावा दिवस: पत्सेओ, झिंगझिंगबार

तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, असा डोंगरी वैद्यकाचा नियम आहे. जिस्पाहून थेट सरचू म्हणजे ३,२०० वरून ४,२९०. मोटारीतून जाणारे हेच करतात आणि सरचूच्या तंबूत रात्रभर उलट्या काढतात. सायकलवाल्यांनी त्यावर श्रमाचीही भर घालू नये.

म्हणून पाचव्या दिवशी जिस्पा, दारचा, दीपक ताल आणि पत्सेओ. जेमतेम पंचवीस किलोमीटर, उंची ३,८०० मीटरच्या आसपास. गटातले तगडे कुरकुरतात, अकरालाच पोचलो म्हणतात. पोचू द्यावं. दुपारी वर चालून यायचं, भरपूर पाणी प्यायचं. सहाव्या दिवशी झिंगझिंगबार, ४,२०० मीटर. पत्सेओची वाढ सहाशेची, म्हणजे नियमापेक्षा थोडी जास्त झाली; ही चारशेच, म्हणून चालते.

झिंगझिंगबारच्या आसपास आणि पुढे रस्त्यावरून नाले वाहतात. रात्री बर्फ वितळायचं थांबतं म्हणून सकाळी पाणी घोट्यापर्यंत, दुपारी तीनला तेच मांडीपर्यंत. नाला ओलांडायचा तर चप्पल घालून, अनवाणी नाही. सायकल आपल्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे वाहतंय तिकडे. वरच्या अंगाला धरली तर प्रवाह तीच गुडघ्यांवर ढकलतो. पाण्यातून निघाल्यावर पहिल्या पन्नास मीटरमध्ये ब्रेक हलके घासून डिस्क वाळवायच्या, आणि थांबल्यावर चेनला परत थेंबभर तेल, कारण नाल्याने ते धुऊन नेलेलं असतं.

सातवा दिवस: बारालाचा (सुमारे ४,८९० मी.) ओलांडून सरचू

पहाटे साडेपाचला निघायचं. आदल्या दिवशी वाहिलेलं पाणी रस्त्यावर काचेसारखं गोठलेलं असतं. सावलीतल्या वळणावर उतरून चालायचं. माथ्याच्या अलीकडे सूरज ताल, भागा नदीचा उगम. माथ्यावर पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही.

या उंचीवर हवेत प्राणवायूचं प्रमाण तेच २१ टक्के असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५५ ते ६० टक्के. म्हणून वेग निम्मा होतो. ताशी पाच-सहा किलोमीटर हा चांगला वेग समजावा. दाबाची एक खूण पाठीवरच्या पिशवीत दिसते. पुण्याहून आणलेली बाकरवडीची पाकिटं फुगून टणक झालेली असतात आणि उघडताना फटकन फुटतात. टायरमध्येही मनालीत भरलेल्या हवेपेक्षा पाच हजार मीटरवर गेजवर तीन-चार पीएसआय जास्त दिसतात. तेवढ्याने टायर फुटत नाही, त्यामुळे वर हवा सोडू नये, नाहीतर पुढच्या खाचखळग्यांत ट्यूबला रिमचा चावा बसतो. दोन समांतर भोकं दिसली की पंक्चर काट्याचं नाही, कमी हवेचं.

पलीकडे युनम त्सो, भरतपूर, आणि सरचूपर्यंत उतार-सपाटी. वारा समोरून, दुपारी एकनंतर फार. सरचू ही हिमाचल आणि लडाखची हद्द. सगळ्यांची ओळखपत्रं एका पाकिटात गटप्रमुखाकडे ठेवली की नाक्यावर खोळंबा होत नाही.

रात्री शून्याखाली जातं. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, म्हणजे बर्फ बुडाकडे धरतो आणि तोंड मोकळं राहतं. पोकळ तंतूंचा पाण्याचा फिल्टर एकदा गोठला की आतून फाटतो आणि ते बाहेरून दिसत नाही. तो, पॉवर बँक आणि सायकल कॉम्प्युटर झोपायच्या पिशवीत घेऊनच झोपायचं.

सरचूतच पुढे जाण्याचा निर्णय करायचा असतो. इथून पुढे तंगलंगपर्यंत झोपायची जागा साडेचार हजारांच्या वरच आहे, आणि कुणी आजारी पडलं तर खाली उतरायलाही आधी खिंड चढावी लागते. पांगहून मागे यायचं तर लाचुंगला ५,०६५ मीटर, पुढे जायचं तर तंगलंगला ५,३२८. म्हणून सरचूच्या सकाळी ज्याची लेक लुईस बेरीज तीनवर आहे, तो एक दिवस इथेच थांबतो. उतरली नाही तर गाडीने बारालाचा ओलांडून जिस्पाला. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालता आली नाहीत, किंवा नुसतं बसलं असताना धाप लागत असेल, खोकला ओला होत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. मेंदूला किंवा फुप्फुसात सूज येण्याची ही लक्षणं आहेत. ऑक्सिजन लावून त्याच क्षणी खाली. दुकानात मिळणारे ऑक्सिजनचे हलके डबे काही मिनिटांत संपतात. गाडीत बी-टाइप सिलिंडर असावा. त्यात सुमारे १,५०० लिटर वायू असतो, मिनिटाला दोन लिटरने बारा तास पुरतो. रेग्युलेटर आणि मास्क पुण्यातच बसवून बघावा.

आठवा आणि नववा दिवस: गाटा लूप्स, नकीला, लाचुंगला, पांग

सरचूनंतर चोवीस-पंचवीस किलोमीटर त्सराप नदीच्या काठाने, जवळपास सपाट. मग पूल आणि एकवीस वळणांचे गाटा लूप्स. दहा किलोमीटर, साडेचारशे मीटरच्या आसपास चढ, दोन तास. चढ एकसारखा आहे, एकदा लय सापडली की मोडू नये. दर तीन वळणांनी दोन घोट पाणी. वळणांमधून सरळ वर जाणाऱ्या पायवाटा आहेत, त्यांवरून सायकल ढकलत नेण्यात वेळ वाचत नाही, दम मात्र जातो. वर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग असलेलं छोटं स्थान आहे. बर्फात अडकून मेलेल्या ट्रकच्या क्लीनरची कथा त्यामागे सांगतात आणि ट्रकवाले बाटली वाहून पुढे जातात. त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी. आपण प्लॅस्टिकची भर घालू नये.

लष्कराचा ताफा याच भागात हमखास भेटतो. एकदा सुरू झाला की संपायला वेळ लागतो. अशा वेळी डोंगराच्या बाजूला उतरून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. नाक-तोंडावर ओलं फडकं बांधायचं.

नकीला ४,७४० मीटर, त्यानंतर थोडा उतार आणि व्हिस्की नाला. इथला मुक्काम ४,७०० च्या आसपास, सगळ्या प्रवासातला सर्वांत जड. ज्यांना झोप लागत नाही त्यांनी डोकं उंच ठेवून पडून राहावं. झोपेच्या गोळ्या आणि दारू दोन्ही वर्ज्य, दोन्हींनी श्वास मंदावतो. पाणी ८३-८४ अंशांना उकळतं, उघड्या भांड्यात डाळ शिजतच नाही. कुकर नसेल तर ढाब्यावरचं मॅगी, ऑम्लेट आणि त्सांपा (भाजलेल्या सातूचं पीठ). सायकलवर मात्र गोडच उतरतं. खजूर, राजगिऱ्याचे लाडू, लोणावळ्याची चिक्की, दर तासाला मूठभर. चिक्की थंडीत दगड होते, बारीक तुकडे करून खिशात शरीराच्या उबेला ठेवावी. जीवनरक्षक क्षारांची एक पुडी एका लिटरमध्येच, निम्म्या पाण्यात नाही.

नवव्या दिवशी लाचुंगला सकाळीच होते. नंतर कांगला जलच्या खडकांतून पांगपर्यंत उतार, धूळ आणि सुटे दगड. स्पोक तुटतात ते इथे. मागच्या चाकाचा कॅसेटच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूचा स्पोक तुटला तर तो बदलायला कॅसेट काढावी लागते, त्याचं टूल मेकॅनिककडे आहे ना हे मनालीतच बघावं. नसेल तर तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळायचा, दोन्ही बाजूंचे स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल करून चाक ब्रेकमधून जाईल इतकं सरळ करायचं आणि सावकाश निघायचं. पांगला लष्कराचा तळ आहे, अडचणीत वैद्यकीय मदत मिळते.

दहावा दिवस: मोरे मैदान

पांगच्या वर काही किलोमीटरचा चढ, आणि मग चाळीस किलोमीटर सपाट, गुळगुळीत डांबर, ४,७०० मीटरवर. दूर कियांगांचे (रानगाढवांचे) कळप, चांगपा या भटक्या पशुपालकांचे तंबू. वारा सुरू होण्याआधी मैदान पार करायचं, म्हणजे पांग सहाच्या आत सोडायचं. वारा सुरू झालाच तर चार-चारच्या रांगा करून दर पाच मिनिटांनी पुढचा माणूस बदलायचा. डेब्रिंगला मुक्काम.

अकरावा आणि बारावा दिवस: तंगलंगला आणि लेह

डेब्रिंगपासून माथा सुमारे वीस किलोमीटर. दाब आता समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरा वर. चढ फार नाही, पण संपत नाही. इतक्या दिवसांच्या सरावाने शरीर बऱ्यापैकी जुळलेलं असतं आणि बारालाचापेक्षा ही खिंड सोपी वाटते. मुक्काम उंचीप्रमाणे बेतल्याचा फायदा इथे कळतो. पलीकडे रुमत्सेपर्यंत तीस किलोमीटर उतार. तिथे झोपलं की अनेक दिवसांनी सलग झोप लागते आणि भूक परत येते.

रुमत्से, ग्या, उपशी, मग सिंधूच्या काठाने कारू, ठिकसे, शे. रुमत्सेपासून ऐंशीच्या घरात किलोमीटर. उतार म्हणून सगळे बेफिकीर होतात, आणि कारूनंतर गाड्यांची गर्दी सुरू होते. लेहमध्ये शिरताना शेवटचा चढ आहे, त्याच्यासाठी पाणी राखून ठेवावं.

खारदुंगला

लेहमध्ये एक दिवस पूर्ण विश्रांती, परवाने, आणि नवे ब्रेक पॅड. मग पहाटे पाचला खारदुंगला खिंडीकडे निघायचं. ३,५०० वरून ५,३५९ मीटर, चाळीस किलोमीटरच्या आसपास. साउथ पुल्लूपर्यंत रस्ता चांगला, कागदपत्रांची तपासणी तिथे. शेवटचे पंधरा किलोमीटर खड्डे, वितळतं पाणी, आणि वर-खाली जाणाऱ्या टॅक्सी. माथ्यावर १८,३८० फुटांची पाटी अनेक वर्षं होती. जीपीएसने मोजलेली उंची १७,५८२ फूट आहे, आणि सर्वांत उंच मोटाररस्त्याचा मान २०२१ मध्ये उमलिंगलाला मिळाला. चढ मात्र पाटीने कमी होत नाही. सकाळी अकराच्या आत साउथ पुल्लू गाठला नाही, तो तिथून परत, हे आदल्या रात्री सगळ्यांसमोर ठरवावं. दुपारी वर ढग भरले की उतार बर्फाळ होतो आणि बधिर हातांनी ब्रेक धरवत नाही.

परतीच्या खोक्यांसाठी लेहच्या सायकल दुकानात पोचल्याच दिवशी सांगून ठेवावं. पुण्यात आल्यावर चेन चेकर (चेनची झीज मोजायची पट्टी) लावायचा. ९-१० स्पीडला ०.७५, ११-१२ स्पीडला ०.५ टक्क्यांची खूण आत गेली तर चेन बदलायची, नाहीतर जुनी चेन कॅसेटही खाते. हेडसेट (हँडलखालचे बेअरिंग) आणि हबचं ग्रीस वाटेतल्या धुळीने राखाडी झालेलं असतं, ते पूर्ण काढून नवं भरायचं. बॉटम ब्रॅकेटमध्ये (क्रँकच्या बेअरिंगमध्ये) नाल्याचं पाणी शिरलेलं असेल तर क्रँक फिरवताना खरखर लागते. त्याचं काम पावसाळी सरावाच्या आधी करून घ्यावं.